डायरेक्ट फायर्ड हीटर : मागणी नेमकी कुठल्या हीटरची वाढतेय?

वातझोत (धागाकर्ते)

औद्योगिक डायरेक्ट फायर्ड हीटरच्या बाजारावरचे हाती लागले ते अहवाल वाचून काढले. एकाचा आकडा दुसऱ्याच्या कित्येक पट, पण 'मागणी वाढणार' यावर सगळे ठाम. हा वाढीचा आकडा घेऊन ड्रॉइंग काढायला बसलं की हाताला काहीच लागत नाही.

३०० किलोवॉट ते ३ मेगावॉट या टप्प्यातली, गॅसवर चालणारी एक मालिका बनवायची आहे. वाटा तीन: कारखान्याच्या शेडला ताजी गरम हवा देणारे मेक-अप एअर हीटर, ड्रायर आणि ओव्हनसाठी प्रोसेस हीटर, किंवा बांधकामांवर भाड्याने जाणारे फिरते हीटर.

मागणी खरोखर कुठे आहे? आणि आज विकलेला हीटर वीस वर्षं चालणार असेल, तर गॅसनंतर काय याची सोय आजच डिझाइनमध्ये करावी का? आकड्यांत बसेल असं काही सांगा.

---

नळीभट्टी

आधी त्या अहवालांतलं व्याख्येचं पान उघडा. 'डायरेक्ट फायर्ड' हा शब्द तीन वेगळ्या यंत्रांना लावतात.

रिफायनरीत आणि तेलक्षेत्रात याचा अर्थ भट्टीतल्या नळ्यांमधून तेल किंवा वायू वाहतो आणि ज्वाळेची उष्णता थेट त्या नळ्यांवर पडते. ज्वाळा आणि माल यांच्यामध्ये नळीची भिंत असतेच. तिथे 'डायरेक्ट' म्हणायचं ते मध्ये पाण्याची किंवा ग्लायकॉलची टाकी नाही म्हणून. रिफायनरीतले हे हीटर एपीआय ५६० या मानकाप्रमाणे बनतात आणि एकेक नग दहा-वीस मेगावॉटचा किंवा त्याहून मोठा असतो.

हवा तापवणाऱ्यांकडे याच शब्दाचा अर्थ ज्वलनाचे वायू सरळ हवेत मिसळतात, मध्ये उष्णता पोचवणारी भिंत म्हणजे हीट एक्स्चेंजर नाही. तिसरा प्रकार बांधकामावरचे तोफेच्या आकाराचे हीटर, काही दहा किलोवॉटचे.

आता तिघांना एका टोपलीत टाकलं, की नगांवर मोजताना फिरते हीटर पुढे आणि पैशांत मोजताना रिफायनरी पुढे. तुमच्या अहवालांत म्हणूनच मेळ नाही. तुमचा टप्पा दुसऱ्या प्रकारातला आहे, तेव्हा पहिल्या प्रकाराची वाढ तुमच्या काही कामाची नाही.

---

ओलमाप

नळीभट्टींनी मुळावरच बोट ठेवलं. दुसऱ्या प्रकारापुरतं बोलतो.

हा हीटर लोक घेतात ते मुख्यतः इंधनासाठी. हीट एक्स्चेंजरवाला इनडायरेक्ट हीटरची कार्यक्षमता साधारण ८० टक्क्यांच्या आसपास राहते, बाकीचं चिमणीतून जातं. डायरेक्टला चिमणीच नाही, जळलेलं सगळं हवेतच. शिवाय एक्स्चेंजर नाही म्हणजे वजन कमी, आणि तडकायला, गंजायला एक भाग कमी. बर्नर २५:१ पर्यंत, म्हणजे क्षमतेच्या पंचविसाव्या भागापर्यंत खाली आणता येतो, त्यामुळे हवामान सौम्य असताना चालू-बंद, चालू-बंद होत नाही.

मोबदल्यात हवेत काय मिसळतं ते पाहा. मिथेन जाळून हवा १०० अंशांनी तापवली, तर दर किलो हवेमागे सुमारे २ ग्रॅम मिथेन जळतो. त्यातून ४.५ ग्रॅम पाणी हवेत येतं आणि कार्बन डायऑक्साइड सुमारे ३,६०० पीपीएमने (दहा लाखांत इतके भाग) वाढतो. ४० अंशच तापवली तर पाणी १.८ ग्रॅम, कार्बन डायऑक्साइड साडेचौदाशे. वाळू, खडी, चिनीमाती सुकवायला या ओलाव्याने काही बिघडत नाही. पण माल आर्द्रता ओढणारा असेल आणि शेवटचे दोन टक्के पाणी कमी तापमानावर काढायचं असेल, तर हे ४.५ ग्रॅम सुकण्याचा वेळ वाढवतात. असा ग्राहक डायरेक्ट हीटर परत करतो.

---

तापक्रम

कॅटलॉगमध्ये १०० टक्के कार्यक्षमता लिहितात, कुणी ९० लिहितात. खरं कोणतं?

---

ओलमाप

@तापक्रम, दोन्ही. पाया वेगळा. ज्वलनात बनलेलं पाणी वाफ होऊनच हवेत जातं, त्यातली सुप्त उष्णता तापमान वाढवत नाही. मिथेनमध्ये हा वाटा सुमारे १० टक्के. निव्वळ उष्मांकावर (ही सुप्त उष्णता न धरता) हिशेब केला तर १०० च्या जवळ, ढोबळ उष्मांकावर (ती धरून) केला तर ९० च्या थोडं वर. गॅसचं बिल ढोबळ उष्मांकावर येत असेल, तर ग्राहकाला ९० चाच आकडा द्या. नाहीतर पहिल्याच हिवाळ्यात बिल हातात घेऊन तो दारात उभा राहील.

---

विद्युतमार्ग

मला ही चर्चा मागे वळून पाहणारी वाटते. ज्यांना कार्बन कमी करायचा आहे ते नवीन गॅस बर्नर लावणार नाहीत. औद्योगिक हीट पंप आता दीडशे अंशांच्या पुढे जायला लागलेत. त्याखालचं बहुतेक सुकवण्याचं काम विजेवर जाईल आणि त्यावरच्या तापमानाला विजेची कॉइल आहेच. वीस वर्षांचं यंत्र आज गॅसवर आखणं म्हणजे ग्राहकाला मध्येच ते मोडीत काढायला लावणं.

---

दाबकळ

दिशा बरोबर आहे, वेग किती ते दर ठरवतील. हिशेब सोपा आहे. विजेच्या एका युनिटचा दर भागिले गॅसमधल्या एका युनिट (किलोवॉट-तास) उष्णतेचा दर, गुणिले सध्याच्या हीटरची कार्यक्षमता. हीट पंपाचा सीओपी, म्हणजे विजेच्या एका युनिटमागे मिळणारी उष्णता, या उत्तराच्या वर असेल तरच चालवण्याचा खर्च कमी होतो.

वीज गॅसच्या तिप्पट महाग असेल तर ८० टक्केवाल्या इनडायरेक्टच्या जागी हीट पंपाला २.४ पेक्षा जास्त सीओपी हवा. ९० टक्केवाल्या डायरेक्टच्या जागी २.७. म्हणजे विजेचा पहिला घाव इनडायरेक्टवर बसतो, डायरेक्ट जरा जास्त तग धरतो. हे अहवालांत कुठेच दिसत नाही, कारण तिथे दोघांना एकाच ओळीत धरलेलं असतं.

साध्या विजेच्या कॉइलचा सीओपी १. ती चालवण्याच्या खर्चात फक्त तिथेच परवडते जिथे वीज गॅसच्या जवळपास दरात मिळते. आणि १ मेगावॉटची कॉइल म्हणजे १ मेगावॉटचा वीजभार. ट्रान्सफॉर्मर, केबल, मंजुरी सगळं वाढतं. त्याच क्षमतेच्या गॅस हीटरला पंख्यापुरतेच काही किलोवॉट लागतात.

---

विद्युतमार्ग

@दाबकळ, हिशेब मान्य. पण मग मधला मार्ग बघा: खालचं तापमान हीट पंपाने, वरचं बर्नरने. २० अंशांची हवा १८० वर न्यायची आहे आणि हीट पंपाने ८० पर्यंत आणली, तर १६० पैकी ६० अंश विजेवर गेले. गॅस ३७ टक्क्यांनी घटला आणि बर्नरला हात लावावा लागला नाही.

---

ज्योतरक्षक

कल्पना चांगली, पण 'बर्नरला हात लावावा लागला नाही' हे तेवढं बरोबर नाही. बर्नरकडे ८० अंशांची हवा आली की तीन गोष्टी बदलतात.

एक, आकारमान २० टक्क्यांनी वाढतं. वस्तुमान तेवढंच ठेवलं तर प्रोफाइल प्लेटमधून (बर्नरभोवती हवेची फट ठरवणाऱ्या पत्र्यांमधून) जाणारा वेग आणि दाबातला फरक दोन्ही २० टक्क्यांनी वाढतात. डक्टमधल्या लाइन बर्नरला साधारण १३ ते १५ मीटर प्रतिसेकंद वेग लागतो. वेग फार वाढला की ज्वाळा थंड होऊन कार्बन मोनॉक्साइड आणि अल्डिहाइड वाढतात, डोळे चुरचुरतात. फार कमी झाला की ज्वाळा लांबते, पिवळी पडते. प्लेटमधली फट नव्याने बसवावीच लागते.

दोन, हवेचा प्रवाह सिद्ध करणारा प्रेशर स्विच थंड हवेवर लावलेला असतो. तो पुन्हा लावा. पर्जच्या वेळची (ज्वाळा पेटवण्याआधी आतली हवा झाडून काढतानाची) थंड हवा आणि चालू असतानाची गरम हवा, दोन्ही स्थितींत तपासून.

तीन, हवेच्या वाटेत किंवा तिला चिकटून बसवलेली अ‍ॅक्च्युएटर (व्हॉल्व्ह फिरवणाऱ्या मोटरी), इग्निशन ट्रान्सफॉर्मर, केबल. यातली बरीच ६० अंशांपर्यंतची असतात. ती बाहेरच्या कप्प्यात काढा. नवीन मालिका आखतानाच बर्नरच्या आधी हीट पंपाच्या कॉइलची मोकळी जागा आणि हे बाहेरचं पॅनेल धरलं तर नंतर फार काही तोडावं लागत नाही.

---

कणधान्य

माल काय आहे ते विसरू नका. खाण्याच्या वस्तूंत डायरेक्टची पीछेहाट विजेच्या खूप आधी सुरू झाली आणि तिचं कारण नायट्रोजन ऑक्साइड.

१९७० च्या दशकाच्या अखेरीस बिअरमध्ये एनडीएमए हे कर्करोगाचा संशय असलेलं नायट्रोसअमाइन सापडलं. माग काढला तेव्हा ते माल्टमधून येत होतं. ज्वलनाचे वायू माल्टमधून जात आणि त्यातल्या नायट्रोजन ऑक्साइडची धान्यातल्या अमाइनशी क्रिया होई. त्यानंतर माल्टच्या भट्ट्या मोठ्या प्रमाणावर इनडायरेक्ट झाल्या. तोच प्रश्न दुधाच्या पावडरीत नायट्रेट-नायट्राइटच्या रूपाने येतो, आणि बाळांच्या आहारासाठी पावडर करणारे आता इनडायरेक्टच मागतात. डिझेल किंवा लाकूड जाळून थेट सुकवलं तर पीएएच या कर्करोगकारक संयुगांचाही धोका.

कणसं, मका अशा धान्याच्या ड्रायरमध्ये प्रोपेनचा डायरेक्ट बर्नर अजून पक्का पाय रोवून आहे. पण ती मागणी हंगामी असते. कापणीच्या वेळी पाऊस लागला की सगळ्यांना एकदम हवे असतात, कोरडं वर्ष गेलं की कुणीच विचारत नाही. साठा धरून बसणाऱ्याने हे लक्षात घ्यावं.

---

रंगझारी

पावडर कोटिंगमध्येही हेच. पांढऱ्या आणि फिक्या छटा थेट गॅसच्या ओव्हनमध्ये पिवळसर पडतात. काही पावडरी खास गॅस ओव्हनसाठी बनवतात त्या याचसाठी. गडद रंगांना फरक पडत नाही. म्हणून एकाच कारखान्यात दोन्ही प्रकारचे ओव्हन दिसतात आणि 'ओव्हनची मागणी' असा एकच आकडा दिशाभूल करतो.

एक सूचना ठळक अक्षरांत: क्लोरीनयुक्त सॉल्व्हंटची वाफ असलेल्या शेडमधली हवा डायरेक्ट बर्नरवरून कधीही नेऊ नका. ज्वाळेत तिचं हायड्रोजन क्लोराइड होतं, फॉस्जीनही होऊ शकतो. चौकशीच्या फॉर्ममध्ये हा प्रश्न पहिल्या पानावर हवा.

---

नियमपट्टी

नियमांचा मागणीवर किती परिणाम होतो ते एका उदाहरणावरून कळेल. युरोपीय संघाचा २०१५ चा मध्यम ज्वलन संयंत्रांचा निर्देश १ ते ५० मेगावॉटच्या संयंत्रांना उत्सर्जनाच्या मर्यादा घालतो. पण ज्वलनाचे वायू थेट माल तापवायला किंवा सुकवायला वापरले जातात अशी संयंत्रं त्यातून वगळली आहेत. कामाची जागा उबदार ठेवणारी थेट गॅसची यंत्रणाही वगळली आहे. म्हणजे १.५ मेगावॉटच्या इनडायरेक्ट हीटरला जो कागद लागतो तो त्याच क्षमतेच्या डायरेक्टला या निर्देशाखाली लागत नाही. स्थानिक परवान्याच्या अटी असतीलच, त्या वेगळ्या.

तिथल्याच कार्बन व्यापार योजनेत कारखान्याची एकूण ज्वलनक्षमता २० मेगावॉटच्या वर गेली की तो आत येतो, आणि ही बेरीज करताना ३ मेगावॉटखालची एककं धरत नाहीत. धागाकर्त्यांचा ३ मेगावॉटचा वरचा टप्पा म्हणून फार मोक्याचा आहे. २.९ आणि ३.१ यांत तिथल्या ग्राहकासाठी मोठा फरक पडू शकतो.

उत्तर अमेरिकेत बाहेरचीच हवा घेणाऱ्या थेट गॅस हीटरला आन्सी झेड ८३.४ हे मानक लागू होतं. हीटरने हवेत घातलेला कार्बन मोनॉक्साइड ५ पीपीएम, नायट्रोजन डायऑक्साइड ०.५ पीपीएम, कार्बन डायऑक्साइड ४,००० पीपीएम, या मर्यादा. हवा फिरवून वापरणाऱ्यांना झेड ८३.१८. ही प्रमाणपत्रं ज्यांच्याकडे आहेत त्यांच्यातच निविदा फिरते.

---

ज्योतरक्षक

नियमपट्टींच्या प्रतिसादाला जोड. नायट्रोजन ऑक्साइडची हमी देताना '३ टक्के ऑक्सिजनवर' असं लिहिलेलं असतं, म्हणजे मोजलेला आकडा तेवढ्या ऑक्सिजनच्या पायावर बदलून घ्यायचा. हवा तीन-चारशे अंशांनी तापवणाऱ्या डायरेक्ट हीटरमधून निघणाऱ्या हवेत ऑक्सिजन १८-१९ टक्के असतो. तिथे २ पीपीएम मोजले आणि ऑक्सिजन १९ टक्के निघाला, तर २ गुणिले १७.९ (२०.९ वजा ३) भागिले १.९ (२०.९ वजा १९), म्हणजे जवळपास १९ पीपीएम धरतात. आता अ‍ॅनालायझर ऑक्सिजनमध्ये ०.२ ने चुकला तर? १८.८ वर १७ येतात, १९.२ वर २१. हमी २० ची असेल तर तोच हीटर एकदा पास, एकदा नापास. मोजण्याआधी अ‍ॅनालायझर मोकळ्या हवेत २०.९ वर आणून घ्या, आणि करारात मिलिग्रॅम प्रतिमेगाज्यूल अशी भाषा चालत असेल तर तीच धरा.

---

तापक्रम

हायड्रोजनबद्दल कुणीच बोललं नाही. 'हायड्रोजन-रेडी' लिहिल्याशिवाय आता कॅटलॉग छापत नाहीत.

---

ज्योतरक्षक

@तापक्रम, त्या दोन शब्दांमागे किती टक्के ते विचारा. आकारमानाने २० टक्के मिसळला तर गॅसच्या दर घनमीटरमधली उष्णता १४ टक्क्यांनी घटते आणि तेवढ्याच उष्णतेमागचा कार्बन डायऑक्साइड मात्र फक्त ७ टक्क्यांनी. इतक्या मिश्रणावर बऱ्याचशा बर्नरना किरकोळ बदल पुरतात.

१०० टक्के हे वेगळंच यंत्र आहे. एका घनमीटरमध्ये मिथेनच्या तिसऱ्या हिश्शाएवढीच उष्णता, म्हणून गॅस ट्रेन (बर्नरआधीची नळी, रेग्युलेटर, व्हॉल्व्ह यांची रांग) मोठी. ज्वाळेचा वेग कित्येक पट, म्हणून आधीच हवा मिसळलेल्या बर्नरमध्ये ज्वाळा मागे शिरण्याची भीती. आणि फ्लेम रॉड, म्हणजे ज्वाळा आहे की नाही ते ओळखणारी सळई, चालत नाही. तो रॉड हायड्रोकार्बनच्या ज्वाळेत तयार होणाऱ्या आयनांवर चालतो, शुद्ध हायड्रोजनमध्ये ते जवळजवळ नसतातच. यूव्ही डिटेक्टर लागतो.

सुकवणाऱ्यांसाठी आणखी एक: तेवढ्याच उष्णतेमागे पाणी १.६ पटींहून जास्त. ओलमापांनी वर दिलेले ४.५ ग्रॅम तिथे साडेसात होतात.

---

जुनेयंत्र

सगळे नव्या हीटरबद्दल बोलतायत. खरी मागणी बदलीची आहे. हीटरचं खोकं आणि पंखा वीस-पंचवीस वर्षं सहज काढतात, फ्लेम कंट्रोलर आणि व्हॉल्व्ह त्याआधीच बाजारातून जातात. मागे पडलेल्या कंट्रोलरच्या जागी नवा बसवायचा संच, म्हणजे कंट्रोलर ज्यावर बसतो तो सबबेस, वायरिंगचा नकाशा, जुन्या रॉडशी जुळणारा अ‍ॅम्प्लिफायर, हे जो देतो त्याच्याकडे पुढचा हीटरही येतो.

बिघाड कुठून येतात ते पाहिलं की सुट्या भागांची यादी आपोआप होते. फ्लेम रॉडचा चिनीमातीचा भाग बारीक तडकतो, ओल शिरते, करंट एक मायक्रोअ‍ॅम्पिअरच्या खाली येतो. दिवसभर चालतं आणि पहाटे दमट हवेत बंद पडतं. लोक गॅसचा दाब बघत बसतात. रॉड काढून स्वच्छ पुसा, इन्सुलेटर उजेडात फिरवून बघा, केसासारखी काळी रेघ दिसली की बदला. यूव्हीच्या नळीची चूक उलटी: जुनी झाली की ज्वाळा नसतानाही 'आहे' म्हणते. ड्रायर २४ तासांहून जास्त सलग चालत असेल तर स्वतःची तपासणी करणारा शटरवाला डिटेक्टरच हवा. स्वस्त डिटेक्टर घातलेले जुने सलग ड्रायर हा बदलीचा मोठा वर्ग आहे.

---

खडीडांबर

+१ जुनेयंत्र.

डांबर मिश्रणाच्या ड्रममध्ये खडीतला ओलावा १ टक्क्याने वाढला की दर टनामागे १० किलो पाणी जास्त उडवावं लागतं, म्हणजे साधारण साडेसात युनिट उष्णता. खडीवर छप्पर घालून, खाली उतार देऊन २ टक्के ओल कमी केली तर १५ युनिट वाचली. शहाणा ग्राहक मोठ्या बर्नरआधी छप्पर घालतो. त्यामुळे रस्त्यांची कामं वाढली तरी बर्नर त्याच प्रमाणात वाढत नाहीत.

---

दाबकळ

मेक-अप एअरचंही तसंच. किलोवॉट बरोबर १.२ गुणिले घनमीटर प्रतिसेकंद गुणिले अंश. सेकंदाला १० घनमीटर हवा ३० अंशांनी तापवायला ३६० किलोवॉट. मागणी एक्झॉस्टच्या मापाने चालते, शेडच्या मापाने नाही. रंगाचे बूथ, ओतकाम, वेल्डिंग जिथे वाढतं तिथे वाढते. एक्झॉस्टवर व्हीएफडी (पंख्याचा वेग कमी-जास्त करणारं उपकरण) बसवून गरजेपुरतीच हवा खेचायला लागले की नग तेवढेच राहतात, क्षमता घटते. मग कमी हवेवरही बर्नरवरचा वेग टिकवणारी स्वतः सरकणारी प्रोफाइल प्लेट विकली जाते.

फिरत्या हीटरची मागणी हिवाळ्यावर आणि भाड्याने देणाऱ्यांच्या ताफ्यावर. तिथे घेणारे मोजके आणि घासाघीस भयंकर. ३ मेगावॉटची मालिका घेऊन तिथे जाऊ नये असं माझं स्पष्ट मत.

---

वातझोत (धागाकर्ते)

सगळ्यांचे आभार, अहवालांतून जे मिळत नव्हतं ते इथे मिळालं. वाट ठरली: प्रोसेस ड्रायर, ०.५ ते २.९ मेगावॉट. खनिज, चिनीमाती, गडद कोटिंग आणि धान्य एवढेच वर्ग. दूध, माल्ट, पांढरं कोटिंग यांना सरळ नकार. बर्नरआधी कॉइलसाठी जागा, अ‍ॅक्च्युएटर बाहेर, सुरुवातीपासून शटरवाला यूव्ही, गॅस ट्रेन २० टक्के हायड्रोजनला पुरेल अशी. सोबत जुन्या हीटरसाठी कंट्रोलर बदलीचा संच.

एक राहिलं: २० टक्के मिश्रणाला गॅस ट्रेन किती मोठी धरू?

---

ज्योतरक्षक

तेवढ्याच उष्णतेला आकारमान १६ टक्के जास्त लागतं, पण मिश्रण हलकंही असतं, त्यामुळे त्याच दाबावर आणि त्याच छिद्रातून भागते ती तूट ५ टक्क्यांच्या आसपास. रेग्युलेटरला तेवढी वरची जागा ठेवा. नळीचा आकार सहसा बदलावा लागत नाही. व्हॉल्व्ह आणि सीलवर मात्र उत्पादकाचं हायड्रोजनसाठीचं लेखी प्रमाण घ्या.

प्रोपेनवर विकणार असाल तर उलटं: छिद्रं लहान, आणि गळलेला वायू खाली बसतो म्हणून डिटेक्टर जमिनीलगत.

---

नियमपट्टी

आणि मोजमापासाठी डक्टला छिद्रं आजच ठेवा. लाइन बर्नरपुढे हवेचे थर राहतात, एका जागी मोजलेला आकडा फसवा असतो. मिसळण पूर्ण झाल्यावरच्या सरळ भागात, एकमेकींशी काटकोनात दोन सॉकेट, आत नळी आडवी फिरवून चार-पाच ठिकाणी वाचन घेता येईल अशी. टोप्यांना साखळी लावा.